नंदीबैलवाल्याइतकी तरी काळजी आमची घ्या : नागपूरच्या सहा आमदारांना खुलं पत्र

सन्माननीय आमदार महोदय,

दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर अशा सहाही मतदारसंघांना मिळून हे एकच पत्र. तुमच्यातले चौघं सत्तेच्या बाकावर बसता, दोघं समोर. चौघांतले एक तर राज्याचे मुख्यमंत्री आहेत आणि गृहखातंही त्यांच्याकडेच आहे. नक्षलवादाच्या नावाने आणलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाबद्दल मला जे बोलायचं आहे ते सहाही जणांच्या कामाचं आहे, म्हणून वाटणी करत बसलो नाही.

मी महालात छापखाना चालवतो. वडिलांची ट्रेडल होती, माझी ऑफसेट आहे. तीही आता म्हातारी झाली. लग्नपत्रिका, पावतीबुकं, डॉक्टरांची लेटरहेडं, गणपती मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, असं बारमाही काम. डिसेंबरात त्यात मोर्च्यांच्या पत्रकांची भर पडते. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन आपल्या गावात भरतं. तुमच्यासाठी ते कामकाज, आमच्या गल्लीसाठी सीझन. यशवंत स्टेडियमवरून निघून मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवले जाणारे मोर्चे हातात जो कागद घेऊन येतात, त्यातले काही हजार कागद दर वर्षी माझ्या मशीनवरून उतरलेले असतात. आशा, अंगणवाडी, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, हलबा, धनगर, गोवारी. प्रूफ वाचता वाचता सगळ्यांच्या मागण्या वाचून होतात. काही पटतात, काही अजिबात पटत नाहीत. छापतो सगळ्यांच्या.

गोष्ट अशीच एका पत्रकाची. अंगणवाडीतल्या एक बाई मजकूर घेऊन आल्या. मानधन, ग्रॅच्युइटी, मोबाइलवर भरायच्या माहितीचा ताप, नेहमीचंच. प्रूफ पाहिलं, एक काना दुरुस्त केला, आणि हळूच म्हणाल्या, ‘काका, खाली तुमचं नाव नाही टाकलं तर नाही चालत का?’

‘का बरं?’

‘नाही, तो नवा कायदा आला म्हणून राहिले ना सारे. मोर्चा आमचा हाय, आमी पाहून घेऊ. तुमाले कायले तरास?’

मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात असते ती ‘मुद्रक’ची ओळ. इंग्रजांच्या १८६७ च्या कायद्याने ती बंधनकारक केली होती. छापलेल्या प्रत्येक कागदावर कोणी छापलं आणि कुठे छापलं ते वाचता येईल असं असलंच पाहिजे. त्या कायद्याच्या जागी आलेला २०२३ चा नवा कायदा नियतकालिकांपुरताच आहे. आमच्या घरात मात्र ती ओळ वडिलांपासून चालत आली. नावाशिवायचा कागद त्यांनी कधी मशीनवर चढवला नाही आणि मीही चढवत नाही. निवडणुकीच्या पत्रकांना तर आजही लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क लागू आहे: मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाने सही करून दिलेलं घोषणापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीच्या सह्या, आणि छापून झाल्यावर एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. चुकलं तर सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तुमच्यातल्या काहींच्या प्रचाराचं कामही मी केलं आहे. तुमची माणसं त्या दोन साक्षीदारांवरून किती कुरकुर करतात ते मला पाठ आहे.

पण त्या कलमाची मला कधी भीती वाटली नाही. काय करायचं आणि काय केलं की गुन्हा होतो, ते त्यात चार ओळींत लिहिलेलं आहे. भीती वाटली होती ती वेगळ्याच वेळी. काही वर्षांपूर्वी एक हवालदार पत्रक हातात घेऊन दुकानात आले होते. झोपडपट्टीच्या मालकी पट्ट्यांबद्दलचं पत्रक होतं. ‘हे तुमच्याकडचंच ना?’ मी म्हटलं, नाव खाली आहेच की. त्यांनी मशीनचा फोटो काढला, माझा काढला, कागदाच्या रिमांचाही काढला (तो कशाला, ते आजवर कळलं नाही), आणि चहा घेतला. मी विचारलं, साहेब, कलम कोणतं? म्हणाले, ‘ते मोठे साहेब पाहतील.’ पुढे काहीच झालं नाही. पण दोन दिवस मी त्या ‘पाहतील’ची वाट पाहत होतो आणि मुलगा मशीन सुरू करू देत नव्हता.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मी वाचलं ते त्या अनुभवानंतर. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. त्याआधी ते संयुक्त समितीकडे गेलं होतं आणि समितीचे अध्यक्ष आपल्याच जिल्ह्यातले मंत्री होते. साडेबारा हजारांच्या आसपास सूचना-हरकती आल्या, त्यातली एक माझी. समितीने काही बदल केले, हे मान्य करायला हवं. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ही दुरुस्ती चांगली. ‘व्यक्ती आणि संघटना’ ऐवजी ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असा रोख बदलला, तेही एक पाऊल मागे म्हणता येईल. पण ‘तत्सम’ तसाच राहिला. आमच्या धंद्यात कोटेशनमध्ये ‘व इतर तत्सम कामे’ असं लिहिलं की शेवटी भांडण ठरलेलंच. गिऱ्हाईक म्हणतं लॅमिनेशन त्यात येतं, आम्ही म्हणतो नाही. तिथे प्रश्न तीनशे रुपयांचा असतो.

इथे तो तीन वर्षांचा आहे. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सदस्य असलात तर तीन वर्षांपर्यंत. सदस्य नसताना मदत केली तर दोन वर्षांपर्यंत. बेकायदेशीर कृत्य केलं तर सात वर्षं आणि पाच लाखांपर्यंत दंड. गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र. आणि बेकायदेशीर कृत्य म्हणजे काय? हिंसा, स्फोटकं, रेल्वे-रस्ते तोडणं हे त्यात आहे, आणि त्याबद्दल कोणाचं दुमत असायचं कारण नाही. पण सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका निर्माण करणारी कृतीही आहे. सुव्यवस्था राखण्यात अडथळा आणणारी, किंवा आणण्याकडे कल असलेली, हीसुद्धा. प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं, तसा उपदेश करणं, हेही. कृतीने, बोलून, लिहून, खुणेने, चित्राने, कसंही. टेकडी रोडवर ‘निवेदन घेतल्याशिवाय हलणार नाही’ असं म्हणत बसलेल्या अंगणवाडीच्या बाया यातल्या कशात येत नाहीत, ते मला पोटकलमावर बोट ठेवून दाखवा. ‘येत नाहीत’ हे मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, ते मी ऐकलं आहे आणि त्यांच्या हेतूवर शंकाही घेत नाही. पण ते भाषण विधिमंडळाच्या कामकाजात छापून राहील, आणि हवालदाराच्या हाती पडेल ते कलम.

अवज्ञेचं तर नागपूरला कोणी काही शिकवू नये. १९२३ मध्ये मे ते ऑगस्ट या शहरात झेंडा सत्याग्रह चालला. सिव्हिल लाइन्सकडे तिरंगी झेंडा घेऊन जायला बंदी होती, म्हणून लोक रोज तेवढ्याचसाठी झेंडा घेऊन जायचे आणि अटक करून घ्यायचे. देशभरातून माणसं आली. त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आज तुमचं विधान भवन आहे.

आता मी ज्यासाठी लेखणी उचलली त्या मुद्द्यावर येतो. समाजाच्या नाजूक प्रश्नांत सरकारने हात घालावा की नाही, यावर मी ‘घालू नये’ म्हणणाऱ्यांतला नाही. घालावा. आपल्या राज्याने याच शहरात ते फार चांगलं करून दाखवलं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, नरबळी आणि जादूटोणा विरोधी कायदा मंजूर झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांची हत्या झाली होती आणि वटहुकूम निघाला होता. पण त्याच्याही आधी कित्येक वर्षं ते विधेयक या सभागृहातून त्या सभागृहात, या समितीतून त्या समितीत फिरत होतं. वारकऱ्यांना वाटत होतं आपली वारी गुन्हा ठरेल. ज्योतिषांना वाटत होतं दुकानं बंद होतील. एक पुडीवाला गुरुजी माझ्याकडे भविष्याची पत्रकं छापायला यायचे, तेही विचारायचे, ‘आमचं काय होईल हो?’

त्या भीतीचं तेव्हाच्या सरकारने काय केलं? ‘तुम्हाला त्रास होणार नाही, आम्ही शब्द देतो’ असं म्हणून सोडून दिलं नाही. विधेयकाला परिशिष्ट जोडलं. मोजून बारा नोंदी. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, जोडा भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र करणं. अशा बारा नोंदी, आणि त्याच्या पलीकडे गुन्हा नाही. एवढ्यावरही थांबले नाहीत. कशाला हा कायदा लागू नाही, तेही लिहिलं: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन. मुलांचे कान-नाक टोचणं. जैनांचं केशलोचन. वास्तुशास्त्राचा सल्ला. जोशी-ज्योतिषांचा सल्ला. नंदीबैलवाल्याचा सल्ला. आणि विहिरीसाठी जमिनीत पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याचासुद्धा!

विचार करा, महोदय. विधिमंडळातल्या लोकांनी बसून विचार केला की दारोदार गुबुगुबू वाजवत फिरणाऱ्या माणसाला एखादा फौजदार या कायद्याखाली पकडू शकेल, तर त्याचं नाव घेऊन त्याला वाचवून ठेवू. त्या कायद्याबद्दल माझेही एक-दोन आक्षेप आहेत. वास्तुशास्त्रवाल्यांना एवढं मोकळं सोडायला नको होतं, असं मला वाटतं. पण कोणाच्या मनातली शंका कशी काढायची ते त्यात दिसतं. लोक भ्यायले होते, म्हणून व्याख्या घट्ट केली. शिक्षा कमी केली नाही हं, सहा महिने ते सात वर्षं आहेच. आता जनसुरक्षेचं विधेयक समोर ठेवा आणि त्यात मोर्चेकरी शोधा. संपकरी शोधा. पत्रक छापणारा शोधा. विद्यार्थ्यांचं पथनाट्य शोधा. नंदीबैलवाल्याला जी ओळ मिळाली तशी एक ओळ यांतल्या कोणालाच नाही.

तुम्ही म्हणाल, जादूटोणा वेगळा आणि नक्षलवाद वेगळा. आहेच. गडचिरोली इथून फार लांब नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाचा स्फोट झाला. पंधरा पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यातल्या एकाही घराला माझ्या ‘व्याख्या’ आणि ‘परिशिष्टा’चं काय पडलं असेल? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. मला उत्तर सापडलं ते असं, की भूसुरुंग पेरणाऱ्यासाठी हत्येचं कलम होतं, स्फोटकांचा कायदा होता, दहशतवादी कृत्यांसाठीचा केंद्राचा यूएपीए होता, संघटित गुन्हेगारीसाठीचा मकोका १९९९ पासून आहे. या नव्या कायद्याचं लक्ष्य जंगलातला बंदूकवाला नाही, शहरातली ‘फ्रंटल’, म्हणजे नक्षलवाद्यांसाठी उघडपणे काम करणारी, संघटना आहे, आणि हे सरकारने स्वतःच सांगितलं. राज्यात अशा चौसष्ट संघटना असल्याचंही सांगितलं. मग शहरात कोण काय केल्यावर त्यात येईल हे जास्त काटेकोरपणे सांगायला हवं ना? जंगलात हातात बंदूक दिसते. शहरात कागदच असतो, आणि कागद माझ्याकडून छापून गेलेला असतो.

आणि जंगलातलं चित्रही आता बदललं आहे, तुमच्याच सांगण्यानुसार. ३१ मार्च २०२६ पर्यंत नक्षलवाद संपवू, अशी तारीख केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवून शरण आला. एवढा मोठा नेता शरण आलेला आम्ही पहिल्यांदा पाहिला. हे पोलिसांचं आणि सरकारचं यशच, त्यात कंजूषपणा कशाला करू? पण मग साधा हिशेब आहे. आजाराला तारीख दिली, औषधाला का नाही? रोग संपल्याचं जाहीर करायचं आणि औषधाची बाटली मात्र कायमची घरात ठेवायची, तीही घरातल्या कोणालाही पाजता येईल अशी, हे आमच्या आजीलाही पटलं नसतं.

मुदत घालणं काही नवं नाही. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत संसदेला दर दोन वर्षांनी वाढवावी लागायची. १९९५ मध्ये वाढवली नाही आणि तो संपला. नंतरचा तसाच कायदा, पोटा, आला तोच तीन वर्षांच्या बोलीवर, आणि त्याआधीच, २००४ मध्ये, रद्द झाला. या कायद्यांनी काय काय केलं तो वेगळा विषय. पण निदान ठरावीक काळाने कोणालातरी उभं राहून ‘हा अजून हवा आहे का?’ असं विचारावं लागत होतं.

मुदतीचं मोल मला १७ मार्च २०२५ च्या रात्री कळलं. महालात दगडफेक-जाळपोळ झाली, त्या रात्री मी मशीन धुतल्याशिवाय शटर ओढून पळालो. तीस वर्षांत असं पहिल्यांदा केलं. मग संचारबंदी. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज अशी अकरा ठाण्यांची हद्द. आमची बाजू २३ तारखेपर्यंत पूर्ण मोकळी झाली नव्हती. शटर उघडलं तेव्हा रोलरवर शाई वाळून चामड्यासारखी झाली होती, मशीनचं रबरी ब्लँकेट खराब झालं होतं, आणि एकवीस मार्चच्या लग्नाच्या पाचशे पत्रिका अर्ध्या छापलेल्या होत्या. मुलीच्या बापाने व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रणं पाठवून लग्न उरकलं. मी पैसे मागितले नाहीत, त्यांनी दिले नाहीत. तरी सांगतो, त्या संचारबंदीबद्दल माझी तक्रार नाही. त्या रात्री ती लागायलाच हवी होती. आणि मला ती सोसता आली, कारण ती उठणार हे ठाऊक होतं. संचारबंदीच्या पूर्वीच्या कलम १४४ चं आता कलम १६३ झालं आहे. त्यातही आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही, शासनाने वेगळं कारण देऊन वाढवला तरी आणखी सहा महिने, बस. इंग्रजांच्या संहितेतही दोन महिन्यांची मर्यादा होती. म्हणजे आपल्यावर राज्य करायला आलेल्यांनाही वाटलं की एवढी मोठी ताकद पोलिसाच्या हाती देताना तिला तारीख असावी.

२४ मार्चला आणखी एक गोष्ट घडली. दंगलीतल्या एका आरोपीचं घर महापालिकेने पाडलं. कोणाचं घर, त्याने काय केलं होतं, त्याबद्दल मी इथे बोलत नाही, न्यायालय पाहील. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय असं पाडता येणार नाही. तो निकाल देणारे न्यायमूर्ती गवई आपल्या अमरावतीचे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी पाडकाम थांबवलं. पुढे पालिकेने न्यायालयात बिनशर्त माफी मागितली, आणि या निर्देशांची माहितीच नव्हती असं सांगितलं. माहिती नव्हती! चार महिने वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर असलेला, शब्दन् शब्द स्पष्ट असलेला निकाल अंमलदाराला ठाऊक नसतो. आणि ‘तत्सम’चा अर्थ मात्र तो बरोबर लावणार, असं आम्ही धरून चालायचं.

न्यायालय आहेच की, असं एक मित्र मला म्हणतो. वकील आहे. आहे ना. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली पकडलेले दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना त्याच खंडपीठाने निर्दोष सोडलं, एकदा नव्हे, दोनदा. मे २०१४ मध्ये अटक, ५ मार्च २०२४ ला अखेरची निर्दोष सुटका. मधल्या काळात २०२२ ची सुटका दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली होती. बाहेर आल्यावर सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ ला ते गेले. त्यांच्या विचारांशी माझा काही संबंध नाही. मी हिशेबाचा माणूस, दहा वर्षं मोजतो. आणि एक छोटी गोष्ट लक्षात ठेवतो, की पहिल्यांदा ते सुटले ते खटला चालवायची मंजुरी नीट घेतली नव्हती म्हणून. सरकारने स्वतःवर घालून घेतलेली ती अट, पूर्वमंजुरीची. अशाच अटी आम्ही मागतो आहोत.

संघटनेवरची बंदी योग्य की नाही ते या कायद्यात ज्याने ठरवायचं, त्या सल्लागार मंडळाबद्दल थोडं, कारण याची आठवण महालात तरी असायला हवी. माझ्या दुकानापासून संघाचं मुख्यालय पायी दहा मिनिटांवर आहे. त्या संघटनेवर तीनदा बंदी आली: १९४८, १९७५, १९९२. तिसऱ्या वेळी ती उठली कशी? यूएपीएखालचं न्यायाधिकरण होतं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती बहरी होते, सरकारला त्यांच्यापुढे पुरावा मांडावा लागला, आणि जून १९९३ मध्ये त्यांनी बंदी टिकवली नाही. चौघा सत्ताधारी आमदारांपैकी कोणाला हे सांगायची गरज नसावी. नव्या कायद्यातल्या मंडळात तीन जण आणि त्यातला एक सरकारी वकील. उद्या सरकार बदललं आणि ‘तत्सम’चा अर्थ दुसऱ्या बाजूने लावला गेला, तर तुम्हाला समोर कोण बसलेलं हवं? सरकारी वकील?

दारूबंदीचं उदाहरण घ्या, तेही आपल्या शेजारचं. चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी केली. वर्धा, गडचिरोलीत आधीपासून होतीच. चंद्रपूरच्या बंदीने किती गुन्हे वाढले, किती घटले, किती दारू चोरून आली, यावर सरकारने समिती नेमली, अहवाल घेतला, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली. उठवायला नको होती, असं माझी बायको आजही म्हणते. तिचं माहेर तिकडचं आहे आणि तिच्याजवळ तिची कारणं आहेत. आमच्या घरात त्यावर एकमत होणार नाही. पण सहा वर्षांत निर्णयाचं काय झालं ते तपासलं गेलं, हे तर खरं. बाटलीचा हिशेब सरकार ठेवतं. मग किती संघटनांना नोटीस गेली, किती माणसं आत गेली, किती सुटली, किती जागा ताब्यात घेतल्या, एवढं दर हिवाळी अधिवेशनात, नागपुरातच, सभागृहापुढे ठेवायला काय जड आहे? वर्षातून एकदा, एका पानावर. मी फुकट छापून देईन.

विरोधी बाकावरच्या दोघांशीही बोलायचं आहे. बाहेर सभेत तुमची भाषणं चांगली झाली. पण विधानसभेत आवाजी मतदानाच्या वेळी उघड विरोध नोंदवणारा एकच आमदार होता, माकपचे विनोद निकोले, डहाणूचे. डहाणू! नागपूरपासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या काठावर. नक्षलवादाच्या नावाने केलेल्या कायद्यावर विदर्भातून ‘नाही’ किंवा निदान ‘थांबा’ असं कोणी कामकाजात नोंदवून ठेवायला हवं होतं. संयुक्त समितीत तुमच्या पक्षांचे लोक होते, त्यांनी तिथे काय मागितलं आणि काय मिळालं नाही, ते आम्हाला कधी सांगणार?

आणि गोवारी. दर वर्षी २३ नोव्हेंबरच्या आदरांजलीची पत्रकं माझ्याकडे येतात. १९९४ च्या त्या दिवशी अधिवेशन चालू होतं. कोणीतरी येऊन निवेदन घेईल म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा थांबला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले. बहुतेक बाया आणि पोरं. मी तेव्हा पंचवीसचा होतो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला सायकलवर पाठवलं होतं, काही छापून हवं असेल तर विचारून ये म्हणून. मी बर्डीपर्यंत गेलो आणि रस्त्यावरच्या चपला पाहून परत आलो. त्या दिवशी सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका कोणाकडून होता, हे कलम वाचून मला अजून ठरवता येत नाही. उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. तुमच्या गाड्या त्यावरून जातात.

येत्या अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आणा. सत्ताधाऱ्यांनी आणलं तर उत्तम, नाही तर विरोधकांनी अशासकीय आणावं. जादूटोण्याच्या कायद्याची प्रत मागवून शेजारी ठेवा, त्यातला परिशिष्टाचा साचा जसाच्या तसा उचलता येईल. ‘तत्सम’ काढा. शांततेचा मोर्चा, संप, धरणं, पत्रक, पथनाट्य यांना नंदीबैलवाल्यासारखी एक ओळ द्या. मंडळावर विद्यमान न्यायमूर्ती बसवा. तीन वर्षांची मुदत घाला. गरज पडली तर पुन्हा मांडा, आम्ही ऐकू.

अंगणवाडीच्या बाईंचं यंदाचं पत्रक परवा मशीनवर चढेल. दोन हजार प्रती, ए-फाइव्ह, एका रंगात, तळाशी माझं नाव आणि पत्ता. सहा प्रती बाजूला काढून ठेवतो आहे, तुमच्या कार्यालयांत एकेक पोचवतो. वाचा, आणि ते कोणत्या पोटकलमात बसतं किंवा बसत नाही ते समासात पेनाने लिहून परत पाठवा. बाईंना दाखवायचं आहे.

आपला,
महालातला एक मुद्रक